कुर्ते वीस, तरी सकाळी घालायला काही नाही

प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये पहिली नोकरी सुरू होते आहे. ठाण्याहून लोकलने कुर्ला, तिथून बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल). फायनान्स कंपनीचं ऑफिस, आठवड्याचे पाच दिवस, महिन्यातून एक-दोनदा बाहेरच्या लोकांबरोबर बैठक. कपडे धुणं फक्त रविवारी. घरात वीसेक कुर्ते आहेत, पण रोज घालावेत असे चारच वाटतात. १५ हजारांत ऑफिसचे कपडे कसे जमवावेत, आणि शिवून घ्यावेत की तयार?

वीसातले चारच कुर्ते घालावेसे वाटतात याचं कारण बहुतेक वेळा कुर्त्यात नसतं, खाली असतं. आपल्याकडे खरेदी वरून खाली होते. कुर्ता आवडला, घेतला, आणि घरी आल्यावर त्याच्याखाली काय घालायचं ते शोधत बसलो. शेवटी सगळ्यांचा भार एका काळ्या आणि एका पांढऱ्या लेगिंगवर येतो. ती धुण्यात असली की वीसही कुर्ते कपाटात बसून. म्हणून हे कपाट खालून वर बांधायचं: आधी बॉटम, मग त्यावर चालणारे कुर्ते आणि शर्ट, शेवटी जाकीट आणि चपला-बूट.

पण पैसे बाहेर काढायच्या आधी एक दुपार घरच्याच कुर्त्यांना द्या. प्रत्येक कुर्ता अंगात घाला आणि दोन गोष्टी करा. खुर्चीत पाठ टेकून बसा: मांडीवर ताणतो का, मागून वर सरकतो का, छातीवर बटणांमध्ये फट पडते का? मग लोकलची कडी धरल्यासारखा उजवा हात वर करा: सगळा कुर्ता हाताबरोबर वर जातो का, काखेत काचतो का? आरशासमोर नुसतं उभं राहून सगळेच कुर्ते बरे दिसतात. ऑफिसात माणूस उभा कमी आणि बसलेला जास्त असतो. आता तीन ढीग करा. जसाच्या तसा चालणारा, शिंप्याकडे १००-१५० रुपयांत सुधारणारा, आणि घरी वापरायचा. ‘वजन कमी झालं की घालेन’ हा चौथा ढीग करू नका.

काय सुधारतं आणि काय नाही हे ठाऊक असलेलं बरं. बाजू आत घेणं, लांबी कमी करणं, बाही आखूड करणं, गळ्याला आतून पट्टी लावणं, बाजूचा कट वर-खाली करणं ही अर्ध्या तासाची कामं. खांदा उतरलेला असेल, मुंढा (बाही जोडायची गोलाई) खोल कापला असेल किंवा पँटचं आसन लहान असेल, तर कापड मुळातच वेगळं कापलेलं असतं. तिथे पैसे घालू नका.

किती कपडे लागतात हे कपाटाच्या आकारावर ठरत नाही, धुण्याच्या फेरीवर ठरतं. दोन धुण्यांच्या मध्ये जितके दिवस ऑफिस, अधिक कपडा वाळून इस्त्रीला तयार व्हायला लागणारे दिवस, अधिक एक. एप्रिलमध्ये रविवारी सकाळी धुतलेलं संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळतं, म्हणजे ५ + ० + १ = ६ कुर्ते पुरतात. जुलैत तोच सुती कुर्ता मंगळवारी हाताला कोरडा लागतो, म्हणजे ५ + २ + १ = ८. तुम्ही जूनमध्ये रुजू होताय, तेव्हा आठच धरा. घरातल्या वीसांतून पाच तरी निघतील. म्हणजे नवे तीन कुर्ते घेतले की आठ होतात, आणि दोन शर्ट धरून दहा. त्याहून जास्त घेतले तर ते नुसते लटकत राहतील.

आता बॉटम. पैसे इथे आधी घाला, कारण प्रत्येक पँट कुर्त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळा अंगावर येते. १,१०० रुपयांची पँट वर्षात ७० वेळा घातली तर एका वेळेचे १६ रुपयेही पडत नाहीत. ७०० रुपयांचा कुर्ता पाचदाच घातला गेला तर १४० रुपये. सेलमधला कुर्ता स्वस्त असतो तो फक्त बिलावर.

नव्या तीन पँट घ्या आणि घरातली एखादी बरी असेल तर ती चौथी. रंग नेव्ही, काळा आणि मातकट-खाकी. पांढरी नको. पांढऱ्या बॉटमखालून शिवणी आणि खिशाचं कापड दिसतं, रिक्षाच्या पायरीवर पहिला डाग पडतो, आणि मुंबईच्या पावसात चिखलाचे शिंतोडे पोटरीपर्यंत जातात. काळी पँट सुती घेऊ नका. सुती काळा रंग धुण्यागणिक विटत जातो, आधी मांड्यांवर आणि मग शिवणींवर राखाडी किंवा तांबूस झाक येते. काळी आणि नेव्ही पॉलिस्टर-व्हिस्कोसमध्ये घ्या. तिथे रंग टिकतो, इस्त्री कमी लागते, आणि रात्री पंख्याखाली टाकली की सकाळी वाळलेली असते. मातकट रंग मात्र सुती ट्विलमध्ये चांगला दिसतो. त्यात दोन-तीन टक्के स्पॅन्डेक्स असेल तर बसताना गुडघ्याला जाच होत नाही.

दुकानात पँट घेण्याआधी तीन चाचण्या करा. पायात हात घालून उजेडाकडे धरा. बोटं मोजता आली तर कापड पातळ आहे. गुडघ्याजवळचं कापड दोन्ही हातांनी आडवं ताणून सोडा. पुन्हा सपाट झालं नाही, तर दुपारपर्यंत गुडघ्याला पोंगे येणार. मग घालून खाली बसा आणि मागे कमरेला हात लावा: दोन बोटं मावतात तितकी जागा ठीक, अख्खा तळवा गेला तर वाकल्यावर अंग उघडं पडेल. मागे इलास्टिक आणि पुढे सपाट पट्टा अशी कंबर दिवसभर बसायच्या कामाला सगळ्यात सोयीची. पुढूनही चुण्या असतील तर आखूड कुर्त्याखाली पोट फुगलेलं दिसतं. लांबी घोट्याच्या हाडाच्या जरा वर. पावसात ती एवढी एक इंच तुम्हाला वाचवते.

लेगिंगबद्दल: गुडघ्याच्या खाली जाणाऱ्या, कट खाली असलेल्या कुर्त्याखाली ती चालते, तीसुद्धा जाड विणीची. आखूड कुर्त्याखाली किंवा बैठकीच्या दिवशी नको. तिचं आयुष्यही कमी. गरम पाणी, कडक ऊन आणि तापलेली इस्त्री यांनी आतला लवचीक धागा मरतो, मग गुडघे आणि बैठक सैल पडतात ती कायमचीच. सावलीत वाळवा.

कुर्त्यासाठी एकच नियम पाळा: जो कुर्ता किमान दोन पँटवर चालत नाही तो घ्यायचा नाही. तीन तुकड्यांचे सेट इथेच फसवतात. कुर्ता, पँट, ओढणी एकाच छापाचे असतात आणि एकमेकांशिवाय त्यांचं कुणाशी जमत नाही. पँट फाटली की सगळा सेट गेला. सेट आवडलाच तर त्यातला कुर्ता तुमच्या नेव्ही आणि खाकीवर कल्पून बघा. जमत असेल तर घ्या आणि पँट चौथी-पाचवी म्हणून वापरा.

रंगांच्या बाबतीत घामाचा विचार आधी. कुर्ला स्टेशनच्या पुलावरून बसपर्यंत जाताना पाठ भिजतेच. फिका राखाडी, फिका निळा आणि फिका गुलाबी हे तीन रंग ओल सगळ्यात ठळक दाखवतात, आणि रेयॉनवर तर दुरूनही दिसते. पांढरा, नेव्ही, गडद हिरवा, मरून आणि बारीक छापाचं कापड ती लपवतं. पांढऱ्यावर काखेत पिवळे डाग पडतात ते नुसत्या घामाने नव्हे. घाम आणि घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार यांच्या मिश्रणाने. रोल-ऑन लावल्यावर पाच मिनिटं सुकू द्या, मग कुर्ता घाला.

कापड कुठलं घ्यावं? रोजच्यासाठी कॅम्ब्रिक किंवा मंगलगिरीसारखं घट्ट विणीचं सुती. मलमल नाजूक आणि पारदर्शक. अस्तर लावलं की तिचा गारवा निम्मा जातो. रेयॉन अंगावर सुंदर पडतं आणि स्वस्त मिळतं, पण दोन खोडी आहेत. पहिल्या धुण्यात ते लांबीला आटतं, आणि ओलं असताना त्याची ताकद खूप कमी होते. म्हणून रेयॉन पिळायचं नाही, मशिनमध्ये जाळीच्या पिशवीतून टाकायचं. पिळणाऱ्या हाताखाली शिवणीशेजारी विरलेले कुर्ते बहुधा रेयॉनचेच असतात. शुद्ध लिनन लोकलमध्ये नको. विक्रोळी येईपर्यंत त्याची चुरगळ होते. लिनन आवडत असेल तर सुताचं मिश्रण घ्या. क्रेप आणि जॉर्जेट झटपट वाळतात म्हणून जुलैसाठी एखादा ठेवा, मात्र ते बहुतेक पॉलिस्टरचे असतात आणि पॉलिस्टरमध्ये घामाचा वास धरतो. तो कुर्ता एकदा घातला की धुवायलाच हवा. चिकनकारी घेतली तर आत त्वचेच्या रंगाची शमीज हवी. पांढऱ्या कपड्याखाली पांढरं आतलं वस्त्र उठून दिसतं, त्वचेच्या रंगाचं दिसत नाही.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणतो तेव्हा कडेचे दोन-चार धागे मागून घ्या आणि घरी पेटवून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख मऊ राहते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो. रेयॉनही कागदासारखंच जळतं, त्यामुळे तिथे दुसरी परीक्षा: धागा ओला करून ओढा, लगेच तुटला तर रेयॉन. गडद रंगाचं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने दहादा घासा. रुमाल रंगला तर तो कुर्ता फिक्या पँटवर आणि ऑफिसच्या खुर्चीवरही रंग सोडणार. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे. कापड कारखान्यात रंगवताना मिठाचा उपयोग असतो. घरच्या बादलीत तो जवळपास नाहीच. सुटा रंग आहे तो दोन-तीनदा वेगळं धुवून काढून टाकणं एवढंच आपल्या हातात.

शिवून की तयार? पँट आणि जाकीट तयार घ्या, कुर्ते शिवून घ्या. पँटचा कट सांभाळणारा शिंपी गल्लीत क्वचितच सापडतो, कुर्त्याचा सापडतो. कापडासाठी मुंबईत मंगलदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता ही ठिकाणं आहेत. पुण्यातल्यांना रविवार पेठ आणि लक्ष्मी रोड आहेच. ४४ इंच पन्ह्याच्या (म्हणजे रुंदीच्या) कापडात पाऊण बाहीचा, ४२ इंच लांबीचा सरळ कुर्ता अडीच मीटरमध्ये होतो. हातमागाचं कापड बरेचदा ३६ इंच पन्ह्याचं असतं, त्याला तीन मीटर धरा. छातीचं माप ४२ च्या पुढे असेल तर पाव ते अर्धा मीटर जास्त. पन्हा न विचारता मीटर सांगणं ही नेहमीची चूक. मग शिंपी बाहीला जोड लावतो किंवा लांबी तीन इंच कमी करतो.

आणि शिंप्याकडे देण्याआधी कापड आटवा. रात्रभर गार पाण्यात बुडवून ठेवायचं, न पिळता निथळून सावलीत वाळवायचं. सुती कापड चार टक्के आटलं तरी ४२ इंचांच्या कुर्त्यात पावणेदोन इंच जातात, आणि नेमके तेवढ्याने कट वर सरकतो आणि बाही कोपरावर येते. अस्तरही आटवा. अस्तर आटलं आणि वरचं कापड नाही, तर कुर्ता आतून गोळा होतो आणि कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही.

शिंप्याला तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या. ‘थोडं मोकळं ठेवा’ याचा अर्थ प्रत्येक शिंप्याच्या डोक्यात वेगळा. चिठ्ठीत हे असावं:

छाती: अंगाचं माप अधिक ३ ते ४ इंच. अंग ३६ असेल तर कुर्ता ३९ ते ४०.
सीट (नितंबांचा घेर): अंगाचं माप अधिक ४. ते बसलेल्या अवस्थेत घ्यायला सांगा, उभ्याने नव्हे.
दंड: अधिक २ इंच.
पुढचा गळा: खांद्यापासून सहा ते साडेसहा इंच. टेबलावर वाकून कागद दाखवताना हात गळ्याशी जायला नको.
बाजूची माया: एक इंच, आणि बाहीतही तेवढीच.
उजव्या शिवणीत खिसा: तोंड सहा इंच, खोली आठ इंच, पिशवी पॉपलिनची.
आतून सगळीकडे इंटरलॉक, म्हणजे कडा उसवू नयेत म्हणून मारतात ती शिवण.

यातल्या दोन ओळींवर थोडं थांबायला हवं. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. एक इंच माया असेल तर पाव इंच आत ठेवून प्रत्येक थरातून पाऊण इंच सोडता येतो. दोन बाजू, पुढचा-मागचा मिळून चार थर, म्हणजे कुर्ता तीन इंच मोठा होतो. वजन बदललं, गरोदरपणाचे पहिले महिने आले तरी तो चालतो. कपडा वाचवायला शिंपी अर्धा इंचच ठेवतो, म्हणून लिहून द्यायचं. बाहीत माया नसेल तर बाजू सैल करून उपयोग नाही, कारण काखेत दोन्ही शिवणी एकमेकींना भेटतात.

दुसरी गोष्ट मुंढ्याची, आणि ती बहुतेकींना उलटी वाटते. हात वर केल्यावर कुर्ता चढतो म्हणून आपण शिंप्याला मुंढा खोल करायला सांगतो. मुंढा जितका खोल, तितकी बाहीची खालची शिवण काखेपासून लांब, आणि तितका हात वर करताना अख्खा कुर्ता ओढला जातो. काखेच्या जवळ, फार तर एक इंच खाली कापलेला मुंढा आणि दंडात मोकळी बाही असेल तर कडी धरूनही कुर्ता जागचा हलत नाही. काचण्याचं खरं कारण दंड घट्ट असणं हे असतं. शिंपी वाद घालेल. चांगला बसणारा एक जुना कुर्ता सोबत न्या आणि मुंढा याच्यावरून कापा म्हणा.

खिशाचा हट्टही धरा. फोन, लोकलचा पास, ऑफिसचं कार्ड हातात घेऊन जिना चढण्यापेक्षा बरं. कापड पातळ असेल तर फोनच्या वजनाने शिवण खाली ओढते. खिशाच्या तोंडाला आतून सुती पट्टी शिवून घेतली की ती ओढ पट्टीवर जाते.

शर्टचं थोडक्यात. छातीवरची दोन बटणं ताणली जातात आणि मध्ये फट दिसते, ही तक्रार सार्वत्रिक. मोठ्या मापाचा घेतला तर खांदा उतरतो. छातीला बसणारा घ्या, बाजू आत घेऊन घ्या, आणि त्या दोन बटणांच्या मध्ये आतून एक टिचबटण लावून घ्या. दहा रुपयांचं काम.

जाकीट एकच, नेव्ही, पॉलिस्टर-व्हिस्कोसचं, बैठकीसाठी आणि एसीसाठी. घालून दोन्ही हात पुढे करा, संगणकावर टाइप करताना असतात तसे. पाठीत आवळलं तर पुढचं माप. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे. बाही आखूड करता येते, खांदा नाही. ते रोज घरी नेऊ नका, खुर्चीच्या पाठीवरही लटकवू नका, खांद्याला कुबड येतं. ऑफिसात हँगर ठेवा. जाकीट पटत नसेल तर हातमागाची किंवा खणाची बिनबाह्यांची बंडी कुर्त्यावर तेच काम करते. फक्त बाजारातला स्वस्त खण बहुतेक पॉलिस्टर मिश्रित असतो, मे महिन्यात उकडतो. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के, तेव्हा जाकीट त्या रेषेच्या आत बसवणं शहाणपणाचं.

लोकल आणि पाऊस यांचा वेगळा हिशेब. पाठीवरच्या दोऱ्या, लटकन, बाहीवरचे मोती-आरसे ऑफिसच्या कुर्त्यांवरून काढून टाका. लेडीज डब्यात ते कुणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये अडकतात आणि उतरायच्या वेळी कापड फाटतं. ओढणी घ्यायचीच तर दोन्ही खांद्यांवर पिना लावून. स्कूटीवर जाणाऱ्यांनी ती अंगावर ठेवूच नये, डिकीत ठेवावी. चाकात गेलेली ओढणी गळ्याला बसते. पाठीवरची सॅक खांद्यावर आणि कमरेशी घासून मऊ कापडावर गोळे आणते, म्हणून रेयॉन-क्रेपच्या दिवशी हातात धरायची बॅग बरी. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये जून ते सप्टेंबर एवढं हवंच: बंद बूट, काळी जादा पँट, छोटा टॉवेल, सहा पिना, दोन टिचबटणं, काळ्या-पांढऱ्या दोऱ्याच्या सुया.

प्रवासाला पावसाळी सँडल, ऑफिसात बंद बूट, असे पायांचे दोन जोड. चामड्याचा बूट रोज भिजला तर आठवड्यात बुरशी धरतो, आणि कोल्हापुरी पाण्यात गेली की तळ फुगून थर सुटतात, ती ऑक्टोबरनंतर. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेला असतो आणि खरं माप कळतं. अंगठ्यापुढे एक सेंटिमीटर जागा. टाच हवी असेल तर रुंद, उंचीला दीड ते दोन इंच. कुर्ल्याच्या जिन्यावर पेन्सिल टाच हा विषयच नको. तळाला चांभाराकडून रबर लावून घेतलं की ऑफिसच्या गुळगुळीत फरशीवर घसरायला होत नाही.

साडी तुम्ही विचारली नाहीत, पण बैठकीला एखाद-दोन असाव्यात. ऑफिसला कडक खळीची नको, दोन तासांत ती फुगते. धुवून मऊ पडलेली सुती किंवा सुती-रेशीम मिश्र बरी. साडीमागे एक ब्लाउज शिवू नका. काळा, मरून आणि ऑफव्हाइट असे तीन सुती ब्लाउज पाच-सहा साड्यांना पुरतात. बाही कोपरापर्यंत, मागचा गळा सहा-सात इंचांहून खोल नको, दोन्ही बाजूंना माया. फॉल लावण्याआधी तोही भिजवून घ्या. न भिजवलेला फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीचा काठ झालरीसारखा चुण्या घेतो. खांद्याच्या पिनेत आधी एक छोटा मणी ओवा, मग ती पदरात घाला. पिनेच्या मागच्या वेटोळ्यात धागे अडकून भोक पडतं, मणी कापडाला तिथवर जाऊच देत नाही. आणि साडी नेसताना दिवसभर जे पायात असणार आहे तेच घालून नेसा, नाहीतर एक तर घोटा दिसतो किंवा काठ फरशी पुसतो.

तुमचं ऑफिस खासगी आहे. हे वाचणाऱ्या इतरजणींसाठी: राज्य सरकारी कार्यालयांसाठी डिसेंबर २०२० मध्ये पोशाखाचं परिपत्रक निघालं, त्यात महिलांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, पँटवर कुर्ता किंवा शर्ट, आणि शुक्रवारी खादी असं होतं. पुढे त्यात बदलही झाले, तेव्हा आपल्या कार्यालयातलं चालू परिपत्रक पाहावं. शिक्षिकांसाठी मार्च २०२४ मध्ये वेगळ्या सूचना आल्या: साडी किंवा सलवार-कुर्ता-ओढणी, आणि जीन्स, टी-शर्ट, भडक चित्रांचे कपडे नकोत. वकिलीत काळा कोट, पांढरी कॉलर आणि बँड ठरलेले. खरेदी तिथे मुख्यतः पांढऱ्या-काळ्या सुती कपड्यांची, आणि पांढऱ्याचे दोन जोड जास्त ठेवावे लागतात.

सांभाळण्याबद्दल फक्त पावसाळ्यापुरतं. खळ केलेले कपडे कपाटात ठेवू नका. कसरीला खळ आवडते आणि ती काठाशी भोकं पाडते. डांबरगोळ्या जरीला चिकटून नकोत, कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा. घामाचा कुर्ता टोपलीत तीन दिवस ओला कोंबला तर काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. रविवारपर्यंत थांबायचं असेल तर दोरीवर टाकून सुकवा, मग टोपलीत.

पैशांचा हिशेब साधारण असा बसतो, भाव दुकानागणिक शे-दोनशेने हलतील. तीन पँट ३,३००. जुने पाच-सहा कुर्ते सुधारून घेणं ६००. तीन कुर्ते, कापड साडेपाचशे आणि शिलाई पाचशे धरून ३,१५०. दोन शर्ट १,८००. जाकीट २,४००. बंद बूट १,५०० आणि पावसाळी सँडल ६००. शमीज आणि आतले कपडे ८००. झाले १४,१५०. उरलेल्या ८५० मध्ये रेनकोट. छत्री उघडून लोकलमधून उतरता येत नाही. पैसे कमी पडले तर शर्ट आणि जाकीट पहिल्या पगारावर ढकला, पँट आणि बूट नाही.

वेळेचंही गणित आहे. गणपती ते दिवाळी कुठलाच शिंपी ऑफिसचा कुर्ता वेळेत देत नाही, आणि मे अखेर शाळांचे गणवेश असतात. म्हणून आत्ताच कापड आणून आटवा. मात्र तिन्ही कुर्ते एकदम शिवायला टाकू नका. एकच द्या, एक दिवस घालून लोकलने जा, दोनदा धुवा, मुंढा आणि लांबी पुन्हा तपासा. चिठ्ठीत जे बदलायचं ते बदला आणि मग उरलेली दोन कापडं कापायला द्या.